स्टेपल केलेला धडा

लातूरच्या भूकंपानंतर मुरुडजवळची आमची शाळा बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्येच भरायची. मी विज्ञान शिकवायचे. नवी पुस्तकं आली की वाटण्याआधी प्रजननाच्या धड्याची पानं स्टेपल करायची, ही हेडमास्तरांची रीत. "पोरं बिघडतेत, बाई." एड्सची माहितीही त्याच पानांत. स्टेपल मारायचे मी.

बहिणीचा नवरा ट्रकवर होता. त्या आजारानं गेला. त्याची मुलगी आमच्याच शाळेत आठवीत. एका दुपारी ती माठावर पाणी प्यायली अन् पोरींनी कल्ला केला, "मॅडम, हिनं ग्लास उष्टा केला! आता आम्हालाबी होतंय!" हेडमास्तरांनी माठ शेडमागं नेऊन फोडला. भाचीला म्हणाले, "उद्यापासून घरीच बस, माय." तिला काही झालेलं नव्हतं. असतं तरी पाण्यातून कुणाला गेलं नसतं. मला ठाऊक होतं. मी हजेरी घेत राहिले.

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. मी तिथं बायॉलॉजी शिकवू लागले, नाव झालं. एका जूनमध्ये हेडमास्तर नातीला घेऊन दारात.

"बाई, तुम्ही आपल्याच शाळेतल्या. एवढी एक जागा बघा की."

"बसा सर. तास संपू द्या."

त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि मुद्दाम तोच धडा काढला. भरल्या वर्गात विचारलं, "सर, उष्ट्या ग्लासातून एचआयव्ही होतो का?"

"न्हाई," ते पुटपुटले.

"मागं ऐकू येईना, सर."

"न्हाई होत!" पोरं हसली.

"मग माझ्या भाचीला शाळेतून का काढलं?"

पोरं हसायची थांबली. नात आजोबांकडं बघतच राहिली. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं. पोरीला जागा दिली, ती रोज त्यांच्यासमोर ते पुस्तक उघडेल म्हणून.

भाची आता धर्माबादला मिरच्यांची देठं खुडते. तिच्याशेजारी बसून हे सांगितलं तर हसून बेजार झाली. "मावशी, अजून एकदा सांग, तोंड कसं झालं त्याचं?"

पुन्हा सांगितलं. हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "मला काढलं तवा तू तिथंच होतीस ना गं?"

"हाव."

तिनं मिरच्यांचा ढीग माझ्यापुढं लोटला. मी खुडू लागले. हाताची आग होऊ लागली. बायका आधी हाताला तेल लावतात. वाटी तिच्याजवळच होती. तिनं दिली नाही. मी मागितली नाही.