देवराव नावाची कॉफी

सिरोंचात कोणालाही विचारा, रंभानं देवरावचा कान दातानं तोडला आणि कॉफीच्या घोटाबरोबर गिळून टाकला, असंच तो सांगेल. बसस्टँडवरचा पानवाला तर त्याचा आवाजही काढून दाखवतो, "कच्च!" आणि वरून, "म्या सोता पाह्यलं नं भाऊ!"

यातलं 'कच्च' तेवढं खरं. देवरावचे दोन्ही कान जागच्या जागी आहेत. मोडलं ते नाक, आणि ते रंभाचं.

रंभा एक्केचाळीस वर्षांची. हैदराबादेत कॉफी भाजणाऱ्या एका कारखान्यात नऊ वर्षं राबली, पोती उचलता उचलता वास घ्यायला शिकली आणि परत येऊन गोदावरीच्या वाटेवर पत्र्याखाली दुकान टाकलं. दूध-साखरेत उकळलेली कॉफी नाही. आंध्रातल्या अरकूच्या डोंगरातल्या बिया, स्वतः भाजलेल्या, स्वतः दळलेल्या. गाव हसलं. "कडू पाणीच प्याचं हाये तर माह्या घरी ये, कडुनिंब फुकट हाये!" मग पुलापलीकडचे तेलंगणातले लोक गाड्या थांबवून पिऊ लागले, तेव्हा हसणारेही मागे येऊन उभे राहिले.

दुकान चालायचं ते तिच्या नाकावर. मळेवाले नमुने पाठवत, त्यातला एक निवडायचा आणि वर्षभर त्याचीच पोती घ्यायची. निवड चुकली की वर्ष गेलं. म्हणून ती पहाटे, गल्लीत फोडण्या पडायच्या आधी, मागच्या अंगणात बसे. फळीवर सात वाट्या, प्रत्येकीत एकेका नमुन्याची पूड, वर उकळतं पाणी. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्यानं फोडायचा, वाटीत नाक खुपसायचं, चमचाभर सुर्रर्र करून ओढायचं, जिभेवर फिरवायचं आणि पचकन बादलीत थुंकायचं. कॉफी पारखणारे सगळे असंच करतात. फक्त रंभाच्या लक्षात नंबर राहत नसत, माणसं राहत. त्यामुळे वाट्यांखाली चिठ्ठ्या माणसांच्या. आंबट, तरतरीत वाटीखाली 'नीलाबाई'. जळकट, कडू, घशात ठाण मांडून बसणारीखाली 'देवराव'.

नीलाबाई डावीकडची शेजारीण, मासळी विकणारी. देवराव उजवीकडचा, दूधवाला. कुंपणाच्या फटीतून त्यानं हा सगळा प्रकार पाहिला तो नेमका त्याच आठवड्यात, ज्यात त्याच्या दोन दुभत्या म्हशी मेल्या. रंभा आत गेल्यावर त्यानं फटीतून हात घालून एक चिठ्ठी ओढली. तिच्यावर त्याचंच नाव.

अर्ध्या तासात तो अंगणात होता. हातात म्हशीच्या खुंट्याचा दांडका, बाजूला प्रफुल आणि बिरजू हे दोन पुतणे, मागे वीसेक माणसं.

"माह्या नावावर थुकून राह्यली व्हय वो? काऊन खाल्ल्या माह्या म्हशी?"

"देवरावभाऊ, कॉफी हाये ते. नमुने..."

"कोणाचे नमुने? माहे?"

दांडका आधी फळीवर पडला. वाट्या फुटल्या, निवलेली कॉफी रंभाच्या पायांवर सांडली. दुसरा फटका खांद्यावर. प्रफुलनं केस धरून खाली पाडलं, बिरजूनं बरगडीत लाथ घातली, एकदा, दोनदा, मग मोजायचं राहिलं. रंभानं दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले होते. डोकं फुटलं तर टाके पडतात, हात मोडला तर जुळतो, नाक सांभाळायचं, एवढंच तिच्या मनात होतं. देवरावला वाटलं, ही हाताआड मंतर पुटपुटून राह्यली.

"हात काढा तिचे!"

प्रफुलनं मनगटं पिरगळून हात बाजूला केले. देवरावनं दांडका आडवा फिरवला.

कच्च.

आता सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. रंभा गुडघ्यांवर उठली, कॉफी भाजायच्या पिंपाला लावलेलं लोखंडी हँडल तिनं उपसलं आणि घुमवलं. बिरजूचा गुडघा फुटला, तो "आई वं!" करत चुलीशी लोळला. प्रफुलची बोटं फळीवर चेचली गेली. तिसरा वार देवरावच्या जबड्यावर. दोन दात कॉफीच्या गाळात जाऊन पडले. गर्दीतून कोणी ओरडलं, "पेट्रोल आणा बे! जाळा चेटकिणीले!" आणि एकजण खरंच मोटारसायकलकडे पळाला.

तेवढ्यात नीलाबाई आली, मासे कापायची विळी हातात घेऊन. अंगणात एकच वाटी धड उरली होती. तिनं खालची चिठ्ठी उचलून वाचली.

"हे मी हावो?"

"हाव," रंभा रक्तातून म्हणाली.

नीलाबाईनं वाटी तोंडाला लावली आणि तळापर्यंत रिकामी केली. मग विळी पुढे धरून दारात उभी राहिली. "करणी असन तर मी आत्ताच मरन. थांबा. कोणी जागचं हालाचं नाई."

वीस माणसं एका बाईच्या मरणाची वाट पाहत उभी राहिली. पेट्रोलवाला बाटली घेऊन आला, तोही थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. नीलाबाईनं ढेकर दिली.

"आंबट हावो मी," ती म्हणाली. "पर चांगली हावो."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गर्दीतला जोर गेला. पोलीस आले तेव्हा देवराव रुमालात दात धरून बसला होता. जादूटोणाविरोधी कायद्याखाली काका-पुतणे महिनाभर आत गेले. ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलं, म्हशी घटसर्पानं गेल्या, लस टोचली नव्हती.

चंद्रपूरला रंभाच्या नाकाचं हाड बसवलं. "हाड जुळलं," डॉक्टर म्हणाले, "वास येईल की नाही, ते सांगता येत नाही."

दोन महिने काहीच आलं नाही. एकदा पिंपभर बियांचा कोळसा झाला आणि ती धुरात उभी राहून हँडल फिरवतच राहिली. नीलाबाई कुंपणावरून ओरडली, "जळून राह्यलं वो! नाक कुठी ठेवलं?" आणि मग स्वतःचंच तोंड दाबलं. रंभानं हँडल उपसून पिंप बडवलं, पत्रा आत जाईपर्यंत, हाताला रक्त येईपर्यंत. "नवे नमुने येऊन पडले हायेत. निवडू कशानं? विकून टाकीन सारं."

हे लिहिणारी पोरगी गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करते, रंभाच्या गेंगाण्या बोलण्याचीसुद्धा. तिनं पैज लावली. तीन वाट्या, चिठ्ठ्या नाहीत, देवराव ओळखायचा. नाही ओळखला तर रंभानं भर बसस्टँडवर आपली नक्कल निमूट ऐकायची. ओळखला तर पोरीनं वाटीभर देवराव बिनसाखरेचा प्यायचा. आणि पक्कं जिंकावं म्हणून पोरीनं तिन्ही वाट्यांत नीलाबाईच भरली.

रंभानं पहिल्या वाटीत नाक घातलं. काही नाही. दुसरीतला थर फोडला, सुर्रर्र ओढलं, थुंकली. तिसरीत नाक घालून ती तशीच राहिली, इतका वेळ की वाटीतलं पाणी निवलं. मग डोळे पुसले.

"खोटारडे, यात देवराव हायेच कुठी? तिन्हीत नीलाबाई."

ती उठली, डबा उघडला, देवराव दळला, वाटी काठोकाठ भरून समोर ठेवली. "पी."

देवराव शेवटच्या घोटापर्यंत कडू आहे, आणि संध्याकाळपर्यंत घशातून उठत नाही.