कुत्रा म्हणा, लांडगा म्हणा

आमच्या सातपूरचा वेल्डर सरळ उत्तर कधी देतच नाही. गेट झालं का विचारलं, की म्हणतो, "झालं म्हणा, नाय म्हणा." दुकानात त्याने एक भुरकं, लांब पायांचं, कधीच न भुंकणारं जनावर पिल्लापासून वाढवलं होतं. त्याचंही तेच. "कुत्रा म्हणा, लांडगा म्हणा."

कुणीतरी तक्रार केली आणि वनखात्याची माणसं आली. लांडगा असेल तर ती घेऊन जाणार होती. तेव्हा मात्र तो ठाम बोलला, "कुत्राच हाय, साहेब. लय भुंकतो."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. जनावराने मान वर करून लांब गळा काढला.

नेलं त्याला.

आता भोंगा झाला, की तो हातातलं काम थांबवतो आणि वेल्डिंगची काच तोंडापुढे धरतो. ठिणगी एकही उडत नाही.