जुबेदाआपांची वीट

चितेगावच्या कंपनीची बस पैठण रोडला लागली की मी उठून उभी राहते, जागा रिकामी असली तरी. चार वर्षांत बसमधल्या मंडळींनी यावर काय काय अंदाज बांधले असतील, ते त्यांनाच माहीत. त्या सकाळीही दांडा धरून उभी होते, तेव्हा रुबीनाचा फोन आला. रुबीना म्हणजे जुबेदाआपांची एकुलती मुलगी, सिल्लोडला शाळेत शिकवते. "ताई, अम्मी गेली," एवढंच ती बोलू शकली. पहाटेची नमाज झाली, आपांनी चहाचं आधण ठेवलं आणि ओट्यापाशीच कोसळल्या. माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते फार विचित्र होतं... गेल्या त्याही उभ्यानंच. मी बस थांबवायला लावून उतरले. परतीची रिक्षा मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

आपा माझ्या कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. त्या माझे कपडे शिवायच्या. शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती, तिथं ब्लाउज, परकर, सलवारी शिवून मिळायच्या. मी तिथं पोचले ती परकरापायी. चार वर्षांपूर्वी माझं एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन झालं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी भलत्याच जागी वाढतं, आतड्याला, अंडाशयाला चिकटतं आणि दुखतं. किती दुखतं ते लिहून कळायचं नाही. दुर्बिणीतून सगळं साफ केलंय असं डॉक्टर म्हणाले, घरात पेढे आले, आणि तीन महिन्यांत ओटीपोटातलं दुखणं पुन्हा हजर झालं. माझा नवरा संदीप वाईट माणूस नाही. पण 'आता तर सगळं काढलं ना?' हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसायचा आणि मी त्याच्यावर खेकसायची. शेवटी सांगणंच सोडून दिलं. बसवत का नाही, असं कुणी विचारलं तर गुडघे, कंबर, पाठ, असे चारचौघांत उच्चारता येतील ते अवयव पुढे करायची. गुडघ्यांवर मी इतकं खोटं लादलंय की ते खरोखर दुखू लागले तर मला तक्रारीला जागा नाही.

नणंदेचं लग्न ठरलं आणि साडी नेसणं आलं. परकराची नाडी पोटावर आवळली की अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कुणीतरी जुबेदाआपांचं नाव सांगितलं. गेले तर त्या उभ्यानंच शिवत होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या बंद पडलेल्या कापडदुकानातलं कंबरेएवढं उंच लाकडी काउंटर, त्यावर हातमशीन, उजव्या हातानं चाक फिरतंय, डाव्या हातानं कापड सरकतंय. मला स्टुलाकडे बोट दाखवलं. मी "नको" म्हणून भिंतीला टेकले. त्यांनी माप घ्यायला टेप पोटाशी आणली आणि मी दचकले तशी त्यांनी टेप मागे घेतली. ती माझ्या गळ्यात अडकवली.

"कित्ते साल हुए?" त्यांनी विचारलं. काय झालंय, ते विचारलंच नाही.

मी रडले. भर दुपारी, अनोळखी बाईसमोर, गळ्यात मापाची टेप लोंबत असताना. आपांनी मला नाडी नसलेला परकर शिवून दिला. कंबरेला चार बोटं रुंद मऊ पट्टा, तो बरगड्यांच्या खाली बसायचा, बाजूला हुक, पोटावर कसलाच ताण नाही. लग्नात मी रात्रीच्या जेवणापर्यंत टिकले. नंतर मी दर शनिवारी कंपनीतून सुटले की त्यांच्याकडे जायला लागले, शिवायला काही असो वा नसो.

काउंटरखाली एक वीट होती, हिरव्या मखमलीच्या तुकड्यात शिवलेली. आपा तिच्यावर एक पाय ठेवायच्या, काही वेळानं दुसरा. "एक पाँव ऊपर रक्खे तो कमर को आराम मिलता," म्हणाल्या. मी एकदा चिडवलं, "आपा, विटेवर उभं राहायचा मान आमच्याकडे देवाचा असतो." हात न थांबवता म्हणाल्या, "वो दोनो पाँव रखते ना. मैं तो एकच रखती." त्या दिवशी हसून हसून माझं पोट जास्त दुखलं.

त्यांची गर्भाची पिशवी काढून बावीस वर्षं झाली होती. ऑपरेशननंतरही दुखणं गेलं नव्हतं. गिऱ्हाइकांना त्या गुडघे सांगायच्या, माझ्यासारखंच. एके शनिवारी कापडाच्या पेटीतून त्यांनी एक पिवळी पडलेली फाइल काढली. सगळं इंग्रजीत होतं. वाचता वाचता तिसऱ्या पानावर माझ्या कागदांवरचाच तो लांबलचक शब्द दिसला. मी त्यांना तो वाचून दाखवला. त्यांनी तीनदा म्हणवून घेतला.

"इत्ता बडा नाम है उसका?" त्या म्हणाल्या. "मैं समझी थी, मेराच नखरा है."

मला इतका राग आला... कुणावर, ते आजही सांगता येणार नाही. बावीस वर्षं एक बाई आपल्या दुखण्याला नखरा समजून उभी राहते आणि त्याचं नाव तिच्याच पेटीत पडून असतं. मी हट्टानं आणखी एका डॉक्टरांना गाठलं. ऑपरेशन नीट झालं तरी आतले स्नायू आणि नसा आवळलेल्या राहू शकतात, हे त्यांनी प्रथमच समजावून सांगितलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथं शिकलेले श्वास, पोट आणि ओटी सैल सोडायचे व्यायाम मी आपांना शिकवले. त्यांनी मला वीट दिली, मी त्यांना श्वास दिले, असं आमचं चालायचं. दुखणं दोघींचंही गेलं नाही. पण महिन्यात चार-सहा दिवस बरे जायला लागले, आणि ते चार-सहा दिवस काय असतात ते आम्हालाच ठाऊक.

दोन वर्षांपूर्वी ईदला रुबीना आईसाठी विजेवर चालणारं नवं मशीन आणि गादीची खुर्ची घेऊन आली. बिचारीला वाटलं, अम्मीनं जन्मभर उभ्यानं हाल काढले, आता आरामात बसून शिवू दे. लेक आली की आपा त्या खुर्चीत बसायच्या. हसतमुखानं, कपाळावर घाम घेऊन. लेक बस स्टँडला पोचली की इकडे आपा पुन्हा काउंटरला. मी चिडले, "तिला सांगत का नाही?"

"इत्ते चाव से लाई बच्ची. दिल टूटेगा उसका. तू भी बोलना नक्को. मेरी कसम."

मी कसम घेतली. मूर्खासारखी घेतली.

मागच्या आठवड्यात आपांचा चाळीसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. बायका चादरीवर बसून कुराण पढत होत्या. मी दाराशी उभी, पुन्हा गुडघ्यांच्या नावावर. सगळं आटोपलं, बायका गेल्या आणि रुबीनानं ती खुर्ची माझ्यापुढे सरकवली. "ताई, ही तुम्ही घेऊन जा. अम्मीची आठवण. शेवटची दोन वर्षं तरी तिला बसून काम करता आलं, मला त्याचंच समाधान आहे."

मनात आलं, खुर्ची घरी न्यावी, माळ्यावर टाकावी, विषय मिटला. तेवढ्यात लक्षात आलं, रुबीनाही बसलेली नाही. सकाळपासून एकदाही नाही. वाढताना, भांडी उचलताना तिचा एक हात ओटीपोटाशी जात होता.

"तू बस ना," मी म्हणाले.

"नको, मी अशीच बरी. सिल्लोडहून पण उभीच आले." मग कसनुसं हसली. "दर महिन्याचं आहे, ताई. आता तर मधेअधे पण होतं. शाळेत रजा मागायची लाज वाटते. अम्मी आठ-आठ तास उभी राहून काम करायची, तिला कधी काही झालं नाही. मीच नाजूक निघाले."

कसम तिथंच मोडली. मी सगळं सांगितलं... परकर, पेटी, फाइल, खुर्चीतला घाम, सगळं. थांबताच येईना. रुबीनाचा चेहरा उतरत गेला तसं वाटलं, चाळीस दिवसांच्या आत मी या पोरीची आई पुन्हा एकदा नेली. तिनं खुर्ची बाजूला सारली. मग काउंटरमागे गेली, मशीनवरून हात फिरवला आणि तिचा पाय विटेला लागला.

"ही? मी कितीदा म्हटलं, फेकून दे." तिनं खाली पाहिलं. "कोणता पाय ठेवायची?"

"आधी डावा. कळ आली की बदलायच्या."

तिनं डावा पाय ठेवला. आणि मग रडली, आईसाठी की स्वतःसाठी, मी विचारलं नाही.

आपांवर माझा राग आहे. इतकं सोसलं आणि लेकीला एका शब्दानं कळू दिलं नाही. कसम मोडल्याबद्दल त्या मला माफ करतील की नाही, ठाऊक नाही, आणि तो विचार मला दोन दिवससुद्धा निवांत राहू देत नाही. पण त्याच रात्री मी जेवणाच्या ताटावर संदीपला म्हटलं, "माझे गुडघे ठणठणीत आहेत." मग पुढचं सांगितलं. तो जेवायचा थांबला आणि त्यानं ऐकून घेतलं.

वीट रुबीनाकडे गेली. हा लेख मी आमच्या ओट्याशी उभी राहून लिहितेय. पायाखाली शेजारच्या बांधकामावरून आणलेली वीट आहे, तिला अजून मखमल लावायची आहे. काल दुपारी रुबीनाचा दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला हा त्रास होता का.

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"हौ बोली," ती म्हणाली. "मेरी अम्मी को था."