वरून भरलेला आकडा

माझी मावशी हॉस्पिटलच्या अंदाजपत्रक विभागात एकोणीस वर्षं आकडे भरते. पुढच्या वर्षी कुठल्या विभागाला किती लागेल ते तक्त्यात टाकायचं, ‘पाठवा’ दाबायचं, की सगळं मोठ्या डेटाबेसमध्ये जातं. मग वरचे लोक त्याचे रंगीत आलेख काढून एकमेकांना दाखवतात. “आम्ही पेरायचं, ह्यांनी फुलं मोजायची,” मावशी म्हणते.

तक्ता भरायच्या दोन रीती. एक, प्रत्येक विभागाच्या चौकटीत वेगळा आकडा. एकशे चाळीस विभाग. पाठीचा काटा ढिला होतो. दुसरी, एकूण बेरजेच्या चौकटीत एकच आकडा टाकायचा, की यंत्र गेल्या वर्षीच्या खर्चाच्या प्रमाणात तो खाली वाटून देतं. मावशीला ही दुसरी रीत बिलकूल पटत नसे. “वरून ओतलं की तळाला कोण कोरडं राहिलं ते कळत नाही.”

गेल्याच्या गेल्या वर्षी, वर्षाअखेरीस काकांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. आणि काकांची वाचा म्हणजे! नळ ठिबकला तर “हे घर आहे की पाणपोई?” इथून निघून मावशीच्या माहेरच्या तीन पिढ्यांपर्यंत न थांबता पोचायचे. ते सगळं “अं... अं...” वर आलं. नशीब असं, की हॉस्पिटलमधली वाचा-उपचाराची खोली वर्षभर दुरुस्तीसाठी बंद होती, ती तेव्हाच उघडली. तिथली ताई चित्रं दाखवून शब्द काढून घ्यायची. चार महिन्यांत काका ‘पाणी’, ‘दार’पर्यंत आले. एकदा मावशीकडे बोट करून ताईनं विचारलं, “ह्या कोण?” काका बराच वेळ झगडले आणि म्हणाले, “सा...हेब.” मावशी आठवडाभर ते सगळ्यांना सांगत फिरली.

तक्ता पाठवायच्या दिवशी दुपारी तीनला तिचे खरे साहेब आले. “बाई, म्हणजे कसं, की एकूण रक्कम बदललीय. सगळं पुन्हा भरा. पाचला तक्त्याला कुलूप लागणार. मग म्हणजे कसं, की देवसुद्धा उघडू शकत नाही!”

साडेचारला त्या खोलीत काकांची दर मंगळवारची वेळ होती. मावशी शेजारी नसली तर ते तोंडच उघडत नसत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिनं वरच्या चौकटीत एकच आकडा टाकला. बेरीज जुळली. ‘पाठवा’ दाबून ती खोलीकडे धावली. त्या दिवशी काका ‘दूध’ म्हणाले.

नवं वर्ष लागलं आणि ताईच्या हातात कागद पडला: या खोलीसाठी तरतूद नाही. मावशीनं तक्ता उघडला. यंत्रानं ज्या वर्षाचा खर्च धरला होता, त्या वर्षी खोली बंद, खर्च शून्य. यंत्रानं शून्याच्या प्रमाणात शून्य दिलं होतं. एकूण बेरीज चोख, त्यामुळे कुणालाच शंका आली नव्हती.

“आता फेरआढावा सहा महिन्यांनी,” साहेब म्हणाले.

“तोवर त्या ताईनं हवा खायची का?”

“म्हणजे कसं, की... हो.”

ताईला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली. ती गेली. चित्रं घेऊन आता मावशीच रोज बसते, पण काका ती हातानं ढकलतात. आधी ‘दूध’ गेलं, मग ‘दार’. तरी मंगळवारी ते शर्टाची बटणं लावून, चपला घालून तयार असतात.

परवाच्या मंगळवारी मी तिथेच होते. मावशी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली.

“अहो, चपला काढा. ती खोली बंद झाली. माझ्या हातून झाली.” तिनं सगळं सांगितलं, चौकटीसकट. “आता बोला मला. काय वाट्टेल ते बोला. माझ्या माहेरापासून सुरू करा.”

काकांचा चेहरा लाल झाला. मान ताठली, ओठ हलायला लागले. भलंमोठं काहीतरी गळ्यापर्यंत आलेलं दिसत होतं. मावशी पुढे झुकली.

“हं,” ती म्हणाली, “हं, येतंय.”

आलं नाही. काकांनी तोंड मिटलं आणि ते भिंतीकडे वळून बसले. मावशी तशीच झुकून राहिली, कान त्यांच्याकडे करून.