गवत उपटलेला तुकडा

उपग्रहाच्या फोटोत हिरवे-पिवळे डाग दिसतात. ते नक्की काय आहेत, गवताळ माळ, काटेरी झुडपं, जंगल की शेती, हे जागेवर जाऊन ठरवायचं, हे आमचं काम. माहूरकडचं सागवान मी डोळे झाकून सांगते. यंदा बिलोली तालुका वाट्याला आला आणि त्यात नेमकं आमच्या गावचं गायरान.

गावच्या त्या चराईच्या जमिनीत आजोबांपासून आमचा एक तुकडा आहे. आता आई कसते. कागद मात्र कुणाच्याच नावावर नाही. नकाशात गवत म्हणून लागलं की जमीन राखीव कुरणात जाणार, हे मीच तिला फोनवर सांगितलं. वर फुशारकी मारली, "गवत दिसंल तिथं गवतच लिहिणार. वळख बिळख बघणार न्हाई."

आम्ही पोचलो तर आई वाकून गवत उपटून राहिली होती. पडीक राहिलेला अर्धा तुकडा तिनं मुळासकट साफ केला होता. हात सोललेले, साडीभर कुसळं.

आमचे साहेब भडकलेच. "अहो बाई, हा काय उद्योग? सगळा नमुना घालवलात!" मग माझ्याकडे वळले, "तुमच्याच गावाकडचं ना हे? ओळखता यांना?"

"नाही," मी म्हणाले.

आई आहे म्हटलं असतं तर माझी नोंद कुणी मानली नसती, तुकडा गेला असता, अशी स्वतःची समजूत मी पुढे जीपमध्ये घातली. खोटं आहे ते! तिथं मला नुसती तिची लाज वाटली होती. तिच्या अनवाणी पायांची, पदरानं तोंड पुसण्याची. शी! लिहितानाही कान तापतात माझे.

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग साहेबांना म्हणाली, "शेतच हाय, साहेब. पेरायसाठी साफ करून राहिले."

मी मोजायची चौकट जमिनीवर टाकली. आत नुसती माती. 'शेती' लिहिलं. साहेबांनी मान डोलावली आणि तुकडा वाचला.

आईनं झाडाखालची कळशी आणली. एकेकाला पाणी दिलं. शेवटी माझ्यासमोर आली आणि रक्ताळलेल्या बोटांनी तांब्या पुढे केला.

"घ्या मॅडम," ती म्हणाली, "लई ऊन हाय."