खळीतलं मोरचूद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी मनातल्या मनातसुद्धा हे शब्द नीट उच्चारले नाहीत. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर आधी घरचीच माहिती देत राहीन, असं दिसतंय—तेवढं चालवून घ्या.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. आम्ही बंगळूरात, चामराजपेटेत राहत होतो. नवरा कापडाच्या दुकानात, मी घरी, मुलं दोन—वंदना शाळेत जाणारी, सुधीर अजून बोबडं बोलणारा. आणि नवऱ्याचे थोरले भाऊ, अण्णा. लग्न केलं नव्हतं त्यांनी. जवळच्या छापखान्यात पुस्तकबांधणी करायचे. मुलं त्यांना इथल्या रीतीनं दोड्डप्पा म्हणायची.

मी काटकसरी होते, आणि त्याचा मला भारी तोरा होता. जुन्या साडीच्या काठांचं तोरण, लग्नपत्रिका कापून केलेली भेटकार्डं, करवंट्यांच्या पणत्या—सणाला विकतचं काही आणायचं नाही. ‘अक्का, तुमच्या घरी काही म्हणून वाया जात नाही हं,’ असं शेजारीण म्हणाली की मी चार दिवस फुगून असायची. कोंड्याचा मांडा करणारी बाई!

दिवाळीचा आकाशकंदील मात्र अण्णांचा. बुरुडाकडच्या कामट्या, छापखान्यातले उरलेले रंगीत कागद आणि घरी शिजवलेली मैद्याची खळ. मुलं त्यांना अगदी चिकटून बसायची. सुधीर खळ कागदाला कमी लावायचा, बोटं जास्त चाटायचा. अण्णा रागवायचे नाहीत, हसायचे. मुलं माझ्यापाशी अशी कधी बसायची नाहीत. ते मला खुपायचं—हेही सांगून टाकते.

खळीला कीड लागू नये म्हणून बांधणीवाले तिच्यात मोरचूद घालतात. त्याची पुडी अण्णांनी फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेली असायची. घरच्या खळीत मात्र ते चिमूटभरही घालत नसत. “चाटणारं पोर आहे घरात. विष आहे ते,” असं त्यांनी मला बजावलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. नव्हतं असं आता कोणत्या तोंडानं म्हणू?

त्याआधीच्या वर्षीचा कंदील मी माळ्यावर जपून ठेवला होता. झुरळांनी खळीसाठी त्याचा पार चोथा केला. एवढा चांगला कंदील एकाच दिवाळीत संपला, हे माझ्या जिवाला लागलं. म्हणून त्या वर्षी, अण्णा बाहेर कामट्या बांधत असताना, मी स्टुलावर चढून पुडी काढली आणि शिजत्या खळीत मोरचूद घातलं. थोडा निळा रंग आला. कागदही निळाच होता, म्हटलं कुणाला कळतंय? सुधीरला त्या दिवशी खळीपासून लांब ठेवायचं, असं ठरवलं होतं—खरंच ठरवलं होतं. मग चकल्या तळायला बसले आणि विसरले.

तो ओकायला लागला तेव्हा ओकारीसुद्धा निळसर होती. नवऱ्यानं त्याला उचलून रिक्षा गाठली, आम्ही मागोमाग. डॉक्टरांनी विचारलं, पोटात काय गेलंय? नवरा वळला तो सरळ भावाकडे. मोरचुदाशी संबंध घरात एकाच माणसाचा—दुसऱ्या कुणाला विचारणार तो?

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खळ कुणी शिजवली, ते त्यांना माहीत होतं. मी तोंडाला पदर लावून रडत होते. रडणं खरं होतं, पण त्या पदराआड मी लपलेही होते. एक वाक्य पुरलं असतं. “मी घातलं.” किती वेळ लागतो हे म्हणायला?

“चुकलं माझं,” अण्णा म्हणाले. “बरं, आधी पोराला बघा.”

सुधीर वाचला. चार-सहा दिवसांत खेळायलाही लागला. मग तरी मी सांगायचं की नाही? उलट, मुलांना जवळ घेऊन मी बजावलं, दोड्डप्पाच्या हातचं काही खायचं नाही. नवरा भावाशी बोलेनासा झाला होता, पण हे वाक्य माझं. अण्णा घरात आले की सुधीर माझ्या मागे दडायचा. ते उंबऱ्यावरच थांबायचे, आणि मी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहायची.

संक्रांतीच्या आधी ते देवनहळ्ळीला कुणाच्या तरी बागेवर राखणीला गेले. पुढच्या दिवाळीत कंदील मी केला. मुलं मला चिकटून बसली होती, आणि—हेही सांगते—मला फार आनंद झाला. अण्णांनी एकदा मुलांसाठी बागेतली पपनसं पाठवली होती. काही वाया न घालवणाऱ्या बाईनं ती तशीच कचऱ्यात टाकली.

चार-पाच वर्षांनी ते तिकडेच वारले. नवरा क्रियाकर्माला गेला, मुलांना मी पाठवलं नाही. आता नवराही नाही. कुणापाशी कबूल केलं म्हणजे अण्णांना पोचेल?

गेल्या दिवाळीला नातीनं हट्ट धरला, कंदील घरीच करू या म्हणून. सुधीर हसला आणि त्यानं तिला आपली गोष्ट सांगितली—आमच्या एका दोड्डप्पानं मला खळीतून विष चारलं होतं, मरता मरता वाचलो, म्हणून आपण विकतचाच आणतो. तो ही गोष्ट छान रंगवून सांगतो. तीच त्याला त्यांची एवढी आठवण आहे.

ती पोर माझ्याकडे वळली. “आजी, खरंच त्यांनी घातलं होतं?”

मी हो म्हटलं आणि तिच्या ताटात करंजी वाढली.