आप्पांच्या नावावरचं ‘गरजेनुसार’

दशरथ आप्पा गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. शिक्रापूरच्या चौकात बस अडकली होती आणि पुढच्या सीटवरचा स्टोअरमधला माणूस मागं वळून म्हणाला, “म्याडम, राहूचे आप्पा गेले. सकाळी शेताकडं निघालेवते, दारातच खाली बसले.” मागून कुणीतरी विचारलं, “कोण आप्पा? ते पुस्तकवाले?” व्हय, तेच पुस्तकवाले. त्याला आता दीड महिना झाला. त्या दिवशी मी अर्धी सुट्टी टाकून राहूला, त्यांच्या गावी गेले, पायाला हात लावला आणि परत आले. आप्पांच्या नावावर माझ्या चुकीचा एक डाग होता. तो कंपनीत सगळ्यांसमोर माझ्या नावावर घेईन, असं मी त्यांना सांगणार होते. पुढच्या आठवड्यात जाऊ, दिवाळीत जाऊ... करत राहिले.

आमच्या रांजणगावच्या कंपनीत प्रेस मशिनी बनतात. प्रत्येक मशिनीबरोबर एक पुस्तक जातं: ती कशी चालवायची, कशी पुसायची, हात कुठं घालायचा नाही. मशिनींचे प्रकार तीसेक, पण निम्मी पानं सारखीच. म्हणून सारखा मजकूर एकदाच लिहायचा, कॉम्प्युटरवर एका जागी ठेवायचा आणि तो तुकडा प्रत्येक पुस्तकाला नुसता जोडायचा. मूळ तुकडा दुरुस्त केला की सगळी पुस्तकं दुरुस्त. दुरुस्तीची नोंदही राहते: कुणी केली, काय बदललं, का बदललं. झालेली नोंद पुसता येत नाही, तिच्यावर दुसरी चढवता येते. या सगळ्याचे राखणदार आप्पा. सगळा जन्म फिटर म्हणून गेलेला, गुडघे गेले तेव्हा खुर्चीवर आणून बसवलेले.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील तळेगाव ढमढेरेच्या बाजारात मिरच्या विकायचे, मी बी.एस्सी. फर्स्ट क्लास. हे मी तेव्हाही ताठ मानेनं सांगायचे, आजही सांगते. एका बोटानं टाइप करणाऱ्या फिटरच्या हाताखाली बसायचं मला जड गेलं, आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. “म्याडम, तुमी शिकलेल्या. मला एवढंच सांगा, हीर एक आन् वाफे तीस. पानी कसं द्याल?” मी म्हटलं, दांडानं, पाट काढून. “बास. तेच हितं करायचं. हंडा भरून नेऊन ठिवायचा न्हाई. हंड्यातलं पानी शिळं व्हतं.” कॉपी करायची नाही, जोडायचं, एवढा तो धडा. मी हसले होते.

दुसरा धडा ‘का’च्या रकान्याचा. आधीच्या लोकांनी तिथं जागोजाग एकच शब्द टाकलेला: ‘गरजेनुसार’. आप्पांना त्याची चीड. “कुणाची गरज? कुणाचा नट बसंना, कुणाला वाचता येईना, ते लिवा की!” त्यांच्या स्वतःच्या नोंदी अशा: ‘नव्या पोरांना डावं-उजवं कळंना म्हून चित्र टाकलं.’ मॅनेजर हसायचे, पण मशिनीवरचे लोक त्या नोंदी वाचायचे. पडद्याच्या कोपऱ्यात आप्पांनी एक कागद चिकटवला होता. त्यावर मार्करनं मोठ्ठं ‘का?’

त्यांचं टायपिंग मीच करायचे, म्हणून त्यांचा पासवर्ड मला पाठ होता. एकदा नव्या मशिनीचं पुस्तक दुपारपर्यंत पाहिजे होतं आणि आप्पा गुडघे दाखवायला दौंडला गेलेले. साफसफाईचा तुकडा जोडायला गेले तर मशिनीचं नाव नीट बसेना. मी सरळ मजकूर कॉपी केला, नाव बदललं, त्यांच्याच नावानं आत शिरून मंजूर केलं. ‘का’च्या रकान्यात काय लिहिलं? गरजेनुसार. आप्पांना सांगायचं राहून गेलं... राहून गेलं म्हणजे, सांगितलं नाही.

पुढं मूळ तुकड्यात एक ओळ वाढली: बटण बंद केल्यावरही सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, ती सोडल्याशिवाय हात घालू नये. सगळ्या पुस्तकांत ती ओळ गेली. माझ्या हंड्यात नाही गेली. टेस्टिंगला रामजीत नावाचा माणूस होता, पुस्तक उघडून काम करणारा. माझ्या पुस्तकाप्रमाणं मशिन बंद करून पुसताना त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. दवाखान्यात तो मला एवढंच म्हणाला, “मॅडम, किताब में तो लिखा नहीं था।”

चौकशीत नोंद उघडली. नाव आप्पांचं. मी शेजारीच उभी होते. आप्पांनी पडदा वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “नाव माझं हाय ना? मग माझंच हाय.” त्यांना स्टोअरला टाकलं, हातमोजे वाटायला. मला नोकरीत कायम केल्याचं पत्र पुढच्या महिन्यात आलं. ते पत्र वडिलांनी अख्ख्या आळीला दाखवलं.

ते रिटायर व्हायच्या आठवड्यात मी स्टोअरच्या खिडकीशी गेले. विचारलं, “आप्पा, का घेतलंत अंगावर?” ते हातमोज्यांच्या जोड्या लावत होते. “माझं चार म्हयनं ऱ्हायलं हुतं, तुमचं समदं ऱ्हायलं हुतं. त्याचं काय न्हाई.” मग हातातली जोडी खाली ठेवली. “पर म्याडम... माझ्या नावावर ‘गरजेनुसार’ लिवलं व्हय? तेवढं लागलं बघा.”

या सोमवारी मी ते पुस्तक उघडलं. कॉपी केलेला मजकूर काढून टाकला, मूळ तुकडा जोडला. नाव बसेना ती अडचण निस्तरायला दहा मिनिटं लागली. ‘का’च्या रकान्यात लिहिलं: ‘मागची नोंद दशरथ आप्पांची नाही. त्यांच्या नावानं मी केली होती, घाईत, त्यांना न सांगता. तिच्यामुळं रामजीतची बोटं गेली.’ खाली माझं नाव. अशी नोंद सगळ्या खात्यांच्या प्रमुखांना आपोआप जाते. मला वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. नुसती दमले.

तासाभरानं मॅनेजर टेबलाशी आले. “माणूस गेला, रामजीत गावी गेला. आता याची काय गरज होती? मला हे वर कळवावं लागेल.” कळवा, म्हटलं. ते आणखी काही ऐकायला उभे राहिले. पडद्याच्या कोपऱ्यातला आप्पांचा ‘का?’ लिहिलेला कागद एका बाजूनं सुटला होता, चिकटपट्टी पिवळी पडलेली. मी तो अंगठ्यानं परत दाबून बसवला.